आणीबाणी उठवायची कोणी?

‘आम्हाला राजा नको’ अशी घोषणा देत १४ जून २०२५ रोजी अमेरिकेतील शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लष्कराच्या स्थापनेला अडीचशे वर्षे झाल्याबद्दल रणगाड्यांसह संचलन झाले आणि तो दिवस अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा एकोणऐंशीवा वाढदिवसही होता. ऑक्टोबर महिन्यात तशीच निदर्शने पुन्हा झाली. इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड करून जन्मलेल्या राष्ट्राला ही घोषणा शोभणारीच आहे. तथापि, तिच्यामागील भीतीचे नेमके वर्णन ‘राजा’ या शब्दाने होत नाही. राजाला सत्ता वारशाने मिळते. ज्याचे भय आज अनेक देशांत वाटते तो पुढारी लोकांच्या मतांनी निवडून येतो, कायद्याच्या पुस्तकातील एखादे कलम शोधून काढतो, त्या कलमाखाली संकट जाहीर करतो आणि संकट संपल्याचे जाहीर करावयास मात्र विसरतो.

अध्यक्षाच्या सत्तेला मर्यादा कोणत्या, याची चर्चा बहुधा त्याला दिलेल्या अधिकारांच्या यादीभोवती फिरते. युद्ध, परचक्र, बंडाळी अशा प्रसंगी कोणत्याही राष्ट्राला एका हाती पुष्कळ सत्ता द्यावी लागते, आणि ती देऊ नये असे म्हणणे व्यवहार सोडून बोलण्यासारखे आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. दिलेली सत्ता परत घेण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि त्यासाठी किती मते लागतात?

आपल्याकडे एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतात. वसंत साठे यांनी १९८९ साली अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले तेव्हा शीर्षकासाठी हीच म्हण घेतली होती. १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या घटनाकारांनी मात्र जाणूनबुजून एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या. अध्यक्ष आणि काँग्रेस एकमेकांस घासत राहतील व त्या घर्षणात नागरिकांचे स्वातंत्र्य सुरक्षित राहील, असा त्यांचा हिशेब होता. आणीबाणीचे सर्वसाधारण कलम त्यांनी घटनेत घातलेच नाही. बंड किंवा आक्रमणाच्या वेळी बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित करता येतो एवढीच तरतूद आहे आणि तीही काँग्रेसच्या अधिकारांसंबंधीच्या भागात आहे.

या मौनाचा अर्थ काय, असा प्रश्न १९५२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कोरियात युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप टाळण्यासाठी अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले होते. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही कृती बेकायदा ठरविली. त्या खटल्यातील न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचे स्वतंत्र निकालपत्र आजही वाचण्याजोगे आहे. जॅक्सन हे रूझवेल्ट यांचे अ‍ॅटर्नी जनरल होते आणि त्या पदावरून त्यांनी अध्यक्षीय अधिकारांची पाठराखणही केली होती. पुढे न्युरेंबर्ग येथे नाझी नेत्यांवरील खटल्यात ते अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता झाले. जर्मनीत काय घडले याची कागदपत्रे त्यांनी डोळ्यांखालून घातली होती. आणीबाणीचे अधिकार हाताशी असले की आणीबाणीही निर्माण होऊ लागते, असा इशारा त्यांनी दिला तो या अनुभवातून. निकाल लागताच ट्रुमन यांनी कारखाने परत केले. कामगार संपावर गेले आणि युद्धाचे काम काही बंद पडले नाही.

जॅक्सन यांच्या डोळ्यांपुढे असलेले जर्मनीचे उदाहरण आपल्याकडे अर्धवट सांगितले जाते. वायमार प्रजासत्ताकाच्या १९१९ च्या घटनेतील ४८ वे कलम अध्यक्षाला विलक्षण अधिकार देत होते, हे खरेच. पण त्याच कलमात, संसदेने मागणी केल्यास अध्यक्षाने आपले हुकूम मागे घेतले पाहिजेत, असेही स्वच्छ लिहिले होते. म्हणजे बाहेर पडण्याचे दार होते. १९३० च्या जुलैमध्ये चॅन्सेलर ब्रुनिंग यांची अर्थविषयक योजना संसदेने फेटाळली, तेव्हा अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी ती ४८ व्या कलमाखाली हुकूम काढून अंमलात आणली. १८ जुलै रोजी संसदेने बहुमताने तो हुकूम रद्द करण्याची मागणी केली. घटनेप्रमाणे विषय तेथे संपावयास हवा होता. परंतु अध्यक्षाला संसद विसर्जित करण्याचा अधिकार दुसऱ्या कलमाने होता. हिंडेनबुर्ग यांनी त्याच दिवशी संसद विसर्जित केली आणि तो महिना संपण्यापूर्वी हुकूम पुन्हा जारी केला. सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. फेब्रुवारी १९३३ मध्ये राइशस्टागच्या इमारतीला आग लागल्यानंतर नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले तेही याच ४८ व्या कलमाखाली, आणि तो हुकूम नाझी राजवटीच्या अखेरपर्यंत कायम राहिला. ज्यांनी दार उघडायचे त्यांनाच घराबाहेर काढण्याची किल्ली अध्यक्षाच्या खिशात असेल तर दाराचा उपयोग काय?

अमेरिकेत हे दार कसे होते आणि ते कसे चिणले गेले, याचा इतिहास चमत्कारिक आहे. व्हिएतनाम आणि वॉटरगेटच्या काळात सेनेटच्या एका समितीने शोध घेतला, तेव्हा असे आढळले की १९३३ साली जाहीर झालेली आणीबाणी चार दशके तशीच चालू आहे आणि आणीबाणीच्या काळात अध्यक्षाला खास अधिकार देणाऱ्या सुमारे ४७० तरतुदी निरनिराळ्या कायद्यांत पसरलेल्या आहेत. त्यावर उपाय म्हणून १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा आला. अध्यक्षाने आणीबाणी जाहीर करावी. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की ती संपावी. त्या ठरावावर अध्यक्षाच्या सहीची गरज नाही, अशी ती योजना होती. चांगली योजना होती.

ती मोडली एका भलत्याच प्रकरणात. केनियात जन्मलेला, ब्रिटिश पारपत्र असलेला जगदीश राय चढ्ढा नावाचा भारतीय वंशाचा विद्यार्थी अमेरिकेत शिकावयास आला होता. व्हिसाची मुदत संपल्यावर त्याच्या हद्दपारीचा प्रश्न निघाला. संबंधित न्यायाधिकाऱ्याने हद्दपारी थांबविली, परंतु १९७५ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने नुसत्या ठरावाने तो निर्णय फिरविला. चढ्ढा न्यायालयात गेला. काँग्रेसचे जे कृत्य कायद्यासारखे परिणाम घडविते ते दोन्ही सभागृहांनी संमत करून अध्यक्षापुढे ठेवलेच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली दिला. एका विद्यार्थ्यावर झालेला अन्याय त्यामुळे दूर झाला, आणि त्याबरोबरच १९७६ च्या कायद्यातील मुख्य खिळाही निखळला. १९८५ मध्ये काँग्रेसने कायदा सुधारला तो असा की आणीबाणी संपविणारा ठरावही अध्यक्षापुढे जाईल. अर्थात, ज्याने आणीबाणी जाहीर केली त्यालाच तिच्या समाप्तीवर नकाराधिकार मिळाला. तो ओलांडावयाचा तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते हवीत.

याचे प्रत्यंतर २०१९ साली आले. मेक्सिकोच्या सरहद्दीवर भिंत बांधण्यासाठी ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले होते, काँग्रेसने १.३७५ अब्ज दिले. पैसा मंजूर करणे हा तर काँग्रेसचा सर्वांत जुना अधिकार. १५ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर करून इतर खात्यांचा पैसा भिंतीकडे वळविण्याचा मार्ग मोकळा केला. प्रतिनिधिगृहाने २४५ विरुद्ध १८२ मतांनी आणि सेनेटने ५९ विरुद्ध ४१ मतांनी ती संपविण्याचा ठराव केला. सेनेटमध्ये अध्यक्षांच्याच पक्षाच्या १२ सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, दोनतृतीयांश मते जमली नाहीत आणि आणीबाणी पुढे चालू राहिली. ती उठविली ती बायडेन यांनी, २० जानेवारी २०२१ रोजी, सत्तेवर येताच.

हा दोष एका पक्षाचा किंवा एका माणसाचा नाही. इराणसंबंधी अध्यक्ष कार्टर यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये जाहीर केलेल्या आणीबाणीचे नूतनीकरण पुढील प्रत्येक अध्यक्षाने वर्षानुवर्षे केले. कोविडची आणीबाणी एप्रिल २०२३ मध्ये काँग्रेसच्या ठरावाने संपली खरी. पण बायडेन यांनी त्यावर सही केली म्हणून. ट्रम्प यांनी २०२५ साली आयातशुल्कासाठी हेच शस्त्र उपसले आणि भारतीय मालावरील शुल्क त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ५० टक्क्यांवर नेले. मुंबईच्या जडजवाहीर उद्योगाला अमेरिकी घटनेतील हा बारकावा अशा रीतीने खिशाला चटका बसून समजला. त्याआधी मार्चमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने एक अजब नियम संमत केला होता. कॅनडा व मेक्सिकोवरील शुल्कांमागे असलेली आणीबाणी संपविण्याच्या ठरावावर ठराविक दिवसांत मतदान घेणे कायद्याने बंधनकारक होते. तेव्हा अधिवेशनाचे उरलेले दिवस त्या कायद्यापुरते दिवस म्हणून मोजू नयेत, असे सभागृहाने ठरविले. पंचांगकर्त्यांनी क्षयतिथी मानावी तसे हे झाले. अध्यक्षाने सत्ता बळकावली अशी ओरड होते, पण येथे लोकप्रतिनिधींनी आपल्या हातातील किल्ली आपणहून विहिरीत टाकली आहे.

याउलट दक्षिण कोरिया पाहा. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. सर्व राजकीय हालचालींवर बंदी आली, वृत्तपत्रे लष्करी अंमलाखाली गेली, संसदेच्या आवारात सैनिक उतरले. त्या देशाच्या घटनेतील ७७ व्या कलमानुसार एकूण सदस्यांच्या बहुमताने संसदेने मागणी केली तर अध्यक्षाने लष्करी कायदा उठविलाच पाहिजे. त्यावर नकाराधिकार नाही. शिवाय, १९८७ च्या घटनेने अध्यक्षाचा संसद विसर्जित करण्याचा अधिकार काढून घेतला होता. हिंडेनबुर्ग यांची युक्ती युन यांना उपलब्ध नव्हती. सदस्य कुंपणे ओलांडून सभागृहात पोहोचले. त्यांत स्वतः सभापतीही होते. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ३०० पैकी १९० सदस्य हजर होते आणि सर्वच्या सर्व १९० मते ठरावाच्या बाजूने पडली. त्यांत अध्यक्षांच्या पक्षाचे १८ सदस्य होते. पहाट होण्यापूर्वी लष्करी कायदा उठला. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी युन यांची पदच्युती एकमताने कायम केली.

कोरियात केवळ कागदाने हे घडविले असे म्हणण्याचे कारण नाही. मे १९८० मध्ये तेथे लष्कराने संसदेच्या दारावर पहारा बसविला होता आणि ग्वांगजूच्या रस्त्यांवर रक्त सांडले होते. ती आठवण असलेले नागरिक २०२४ च्या त्या थंडीत संसदेबाहेर सैनिकांपुढे उभे राहिले. परंतु नेमके किती सदस्य आत पोहोचवावयाचे हे त्या रात्री सर्वांना ठाऊक होते. तो आकडा १५१ होता. अमेरिकी पद्धतीप्रमाणे २०० हवे असते तर त्या १९० सदस्यांचे मतदान म्हणजे नुसता निषेध ठरला असता.

आपल्या घटनेची परीक्षा याच कसोटीवर घेतली पाहिजे. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, तेव्हा आपल्याकडे प्रश्न येतो तो पंतप्रधानांच्या सत्तेचा. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक आणि संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत सांगितले होते. पण मूळ ३५२ व्या कलमात ही रोजची जबाबदारी थिजून जात होती. एकदा संसदेची संमती मिळाली की आणीबाणी अमर्याद काळ चालू शके. हरि विष्णु कामथ यांनी घटनासमितीतच वायमारची आठवण करून दिली होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी आक्रमणामुळे जाहीर झालेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. लढाई महिनाभरात थांबली होती. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली आणि मंत्रिमंडळाला ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. जुलैत संसदेने संमती दिली तेव्हा विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे बदलले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला, महिन्याच्या आत विशेष बहुमताने संमती आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा संमती, या अटी आल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकसभेने साध्या बहुमताने आणीबाणी नामंजूर केली तर ती उठविलीच पाहिजे, आणि एकदशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर चौदा दिवसांत खास बैठक भरविलीच पाहिजे, असे ठरले. चढण्यास कठीण आणि उतरण्यास सोपी अशी ही शिडी आहे. त्या पिढीने तुरुंगात बसून विचार केला होता, हे कलमाकलमांत दिसते.

मात्र त्यानंतर सात वर्षांनी, १९८५ साली, ५२ व्या दुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. घोडेबाजाराला कंटाळलेल्या जनतेने तिचे स्वागतच केले. पण या दोन दुरुस्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर अडचण ध्यानात येते. अमेरिकेत अध्यक्षांच्या पक्षाचे १२ सेनेटर विरुद्ध गेले, कोरियात १८ सदस्य गेले. त्यांच्या जागांना त्यामुळे धोका नव्हता. आपल्या लोकसभेत सत्ताधारी पक्षाच्या सदस्याने आणीबाणी नामंजूर करण्यास मत दिले तर त्याला खासदारकीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागेल. १९७८ ने दिलेल्या दाराला १९८५ ने आतून अडसर घातला आहे. पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक व अविश्वासाच्या ठरावांपुरती ठेवावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच केली होती. तिची अंमलबजावणी झाली नाही. सगळी शिफारस पचनी पडत नसेल, तर निदान ३५२ व्या कलमाखालील नामंजुरीच्या ठरावावर सदस्याला आपल्या बुद्धीप्रमाणे मत देता येईल, एवढे एक वाक्य दहाव्या परिशिष्टात घालण्यास कोणत्याही पक्षाची हरकत असण्याचे कारण नाही. आज देशात आणीबाणी नाही, तेव्हा हे काम शांतपणे करता येईल.