ज्यांना तक्रार करता येत नाही, त्यांची तक्रार

सेवा देणाऱ्याविरुद्ध दाद मागणे कोणत्याही नागरिकाला अवघडच असते; परंतु ज्याचे म्हणणे 'याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे' एवढ्या शेऱ्याने मोडीत काढता येते, किंवा ज्याला आपल्यावरील अन्याय शब्दांत सांगताच येत नाही, अशा व्यक्तीला ते जवळजवळ अशक्य होते. मानसिक आजार आणि दिव्यांगत्व यांविषयीच्या आजच्या कायद्यांनी ही अडचण गृहीत धरूनच तक्रारीची रचना केली आहे. मात्र अहिल्यानगरसारख्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या आणि अकोल्यापासून जामखेडपर्यंत १४ तालुक्यांत पसरलेल्या जिल्ह्यात त्या रचनेची माहिती सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचणे हाच मुख्य प्रश्न आहे.

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, म्हणजे त्यांपैकी एकही या जिल्ह्यात नाही. त्यामुळे येथील रुग्णांचा भार जिल्हा रुग्णालय, खासगी मनोविकारतज्ज्ञ आणि सेवाभावी संस्था यांच्यावर पडतो. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी शिंगवे नाईक येथे उभारलेले, निराधार मनोरुग्ण स्त्रियांचा सांभाळ करणारे 'माऊली' केंद्र सर्वपरिचित आहे. कोणत्याही संस्थेच्या हेतूविषयी शंका न घेताही एवढे म्हणता येते की, जेथे राहणाऱ्यांना विचारपूस करणारे नातेवाईक नसतात, तेथे बाहेरची देखरेख ही रुग्णांप्रमाणेच संस्थेच्याही हिताची असते.

या क्षेत्रात दोन कायदे लागू होतात. 'मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७' हा मानसिक आजाराच्या उपचारांविषयी असून बौद्धिक अक्षमता, म्हणजे ज्याला पूर्वी मतिमंदत्व म्हटले जाई, ती त्याच्या कक्षेबाहेर आहे. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' मध्ये मात्र दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजलेले असून त्यांत बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोहोंचा समावेश होतो. म्हणून मनोरुग्णाला दोन्ही कायद्यांचा आधार मिळू शकतो, तर बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासी शाळेविषयीची तक्रार प्रामुख्याने दुसऱ्या कायद्याखाली येते.

पहिल्या कायद्याच्या कलम २८ ने तक्रारीच्या तीन पायऱ्या घालून दिल्या आहेत. सेवेतील उणिवेविषयी प्रथम त्या रुग्णालयाच्या किंवा संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे तक्रार करावयाची, तेथे समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे जावयाचे. पुनर्विलोकन मंडळ म्हणजे रुग्णाच्या हक्कांचा निवाडा करणारी सहा सदस्यांची अर्धन्यायिक यंत्रणा होय. जिल्हा न्यायाधीश, निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदास पात्र न्यायिक अधिकारी तिचा अध्यक्ष असतो, आणि सदस्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ व एक डॉक्टर यांच्याबरोबरच स्वतः मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी यांसाठी दोन जागा राखलेल्या असतात. रुग्ण, त्याने नेमलेला नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था येथे अर्ज करू शकते. अर्जाला शुल्क नाही, अपवादात्मक परिस्थितीत तो तोंडी किंवा दूरध्वनीवरूनही स्वीकारता येतो, सुनावणी बंद दाराआड होते, आणि निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मंडळाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक दर्शनी जागी लावणे आणि रुग्णाला अर्जाचा नमुना देणे हे प्रत्येक मानसिक आरोग्य आस्थापनेवर बंधनकारक आहे.

तक्रार कशाची, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे. रुग्णाला साखळदंडाने बांधणे, एकांतकोठडीत ठेवणे किंवा भूल न देता विजेचे झटके देणे यांना पूर्ण मनाई आहे. रुग्णाला जखडून ठेवणे अन्य उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने व लेखी नोंदीसह चालते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू न शकल्याने मृत्युमुखी पडले, ही घटना ध्यानात घेतली म्हणजे या मनाईचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु पीडित व्यक्तीनेच पुढे यावे, अशी अट घातली तर सर्वांत दुर्बळ माणूसच वगळला जातो. पनवेलजवळच्या कळंबोली येथील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या आश्रमातील अत्याचार २०११ मध्ये उजेडात आले, आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. अशा मुलींनी स्वतः अर्ज लिहिणे संभवतच नाही. २०१६ च्या अधिनियमातील कलम ७ चे महत्त्व येथे आहे, कारण दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार, हिंसा किंवा शोषण होत आहे, झाले आहे वा होण्याचा संभव आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला त्याची माहिती देऊ शकते, आणि त्याला पीडिताच्या सुटकेचा व संरक्षणाचा आदेश काढता येतो. तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी असल्याने ही वाट प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी खुली आहे. याखेरीज पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे हक्कभंगाची तक्रार करता येते. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार असून त्यांच्या शिफारशीवर केलेली कार्यवाही संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवावी लागते.

पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील निष्काळजीपणाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत भरपाई मागता येते, आणि डॉक्टरच्या व्यावसायिक गैरवर्तनाची दखल महाराष्ट्र वैद्यक परिषद घेते. या निरनिराळ्या दारांत गोंधळलेल्या कुटुंबाने प्रथम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठावे हे उत्तम, कारण दिव्यांग व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तक्रार लेखी असावी, तीत तारखा व घटना क्रमाने असाव्यात, आणि तिची पोच घ्यावी. रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा अधिकार असल्याने त्यांच्या प्रती वेळीच घेऊन ठेवाव्यात.

कायद्याने दिलेली ही सोय समाजाने वापरली नाही तर ती कागदावरच राहते. म्हणून आशा कार्यकर्त्या, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शेजारी यांनी दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार किंवा तिचे शोषण होताना दिसल्यास 'आपल्याला काय त्याचे' असे न म्हणता तहसील कार्यालयात लेखी माहिती द्यावी. त्यासाठी रक्ताचे नाते असावे लागत नाही.