कऱ्हेकाठची पाताळनगरी

मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या आजच्या अद्भुतकथांत एक प्रसंग हमखास भेटतो. नेहमीच्या जगातले एखादे पोर पाय घसरून, दार उघडून किंवा पाण्यात बुडून भलत्याच दुनियेत जाऊन पोहोचते. लुईस कॅरलची ॲलिस १८६५ मध्ये सशाच्या बिळात पडली आणि सी. एस. लुईसची चार भावंडे १९५० मध्ये कपाटातून नार्नियात शिरली. हाच प्रसंग मराठीत त्याआधी कितीतरी वर्षे बारामतीत लिहिला गेला होता. नाझऱ्याच्या श्रीधर कवीने ‘शिवलीलामृत’ शके १६४० मध्ये, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कऱ्हेच्या काठी बसून पुरे केले. त्यातला सहावा अध्याय मोठ्यांनी व्रतकथा म्हणून ऐकला. शेजारी बसलेल्या पोरांसाठी ती पाताळाची सफर होती.

गोष्ट सीमंतिनीची आहे. चौदाव्या वर्षी तिला वैधव्य येईल असे भाकीत झालेले असते, म्हणून ती सोमवारचे व्रत धरते. लग्न होते आणि तिचा नवरा चंद्रांगद नौकाविहाराला जाऊन यमुनेत बुडतो. वर सगळे रडत असतात, तर खाली नागकन्या त्याला उचलून तक्षकाच्या नगरीत नेतात. तिथे रत्नांचा उजेड आहे आणि सिंहासनावर नागराज बसलेला आहे. तो पहिला प्रश्न विचारतो तो उपास्य दैवताबद्दल. उत्तर पसंत पडल्यावर तक्षक राजपुत्राला तिथेच राहायचा आग्रह करतो. पण चंद्रांगद आईवडील आणि नवपरिणीत बायको यांची आठवण काढतो. मग त्याला मनोवेगी घोडा आणि भेटी मिळतात, आणि तो नदीकाठी परत येतो. मधल्या काळात शत्रूंनी बापाचे राज्य बळकावलेले असते आणि सीमंतिनी विधवेचे जिणे जगत असते. समोर उभा असलेला माणूस आपलाच नवरा आहे, यावर तिचा विश्वास बसता बसत नाही.

मूळ कथा स्कंदपुराणातल्या ब्रह्मोत्तर खंडातली. श्रीधराने ती ओवीत आणली. अपघाताने झालेला प्रवेश, दारातला प्रश्न, तिथेच राहून जाण्याचा मोह आणि परतीची ओढ हा सगळा सांगाडा आजच्या अद्भुतकथेचाच आहे. फरक पडतो तो एका ठिकाणी, आणि तिथे पोथी सरस ठरते. नार्नियात वर्षानुवर्षे राज्य करून मुले परततात तेव्हा घरी क्षणही गेलेला नसतो. चंद्रांगद परततो तेव्हा घरचा काळ पुढे सरकलेला असतो आणि रडणारी माणसे खरोखर रडून झालेली असतात. अद्भुत जगात जाण्याची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजायची असते, हे श्रीधराच्या श्रोत्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ छापखाना येण्याआधीही घरोघरी गेले, कारण ते मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिलेले होते. चातुर्मासात देवळात किंवा ओसरीवर पोथी लागायची, एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. मुलांसाठी वेगळे वाङ्मय असते ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्याही आधी, तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात शेणाचे घर असलेला कावळा आणि मेणाचे घर असलेली साळुंकी येऊन गेली आहे. पुढे साळुंकीच्या जागी चिऊ आली, कावळा मात्र तोच राहिला.

बारामती-इंदापूर पट्ट्यात अद्भुताशी पहिली ओळख बहुधा मारुतीच्या देवळात होते. बारामतीजवळच्या कन्हेरीचा मारुती तर निवडणूक प्रचाराचा नारळ फुटण्याचे ठिकाण म्हणून वर्तमानपत्र वाचणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक झाला आहे. देव म्हणून त्याचे स्थान वेगळे, पण कथेतले पात्र म्हणून पाहिले तर हनुमान हा बालवाङ्मयातला बिनतोड नायक आहे. जन्मताच भूक लागते आणि समोरचा लाल सूर्य फळ वाटून तो झेप घेतो. पुढे ऋषींची खोडी काढल्यामुळे शाप मिळतो की स्वतःचे बळ विसरशील आणि कोणी आठवण करून दिली तरच ते परत येईल. म्हणून समुद्रकिनारी सगळे वानर आपापल्या उड्यांचा हिशेब मांडत असताना हा एका कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. म्हातारा जांबवंत त्याला तो कोण आहे हे सांगतो आणि मगच तो वाढू लागतो.

नायक सामर्थ्यवान असावा, पण ते त्याला माहीत नसावे, आणि ते सांगणारा कोणीतरी थोराड, प्रेमळ प्राणी यावा. या युक्तीवर विसाव्या शतकातल्या कितीतरी कथा उभ्या राहिल्या. जिन्याखालच्या फडताळात झोपणाऱ्या हॅरी पॉटरला तू जादूगार आहेस असे सांगायला हॅग्रिड येतो, तो प्रसंग जांबवंताच्या प्रसंगाशी घडणीत जुळतो. जे. के. रोलिंगने रामायणातून काही उचलले असा याचा अर्थ नाही. तिचे घेणे ग्रीक आणि युरोपीय परंपरेकडून आहे. पहिल्याच पुस्तकातला तीन तोंडांचा कुत्रा संगीत ऐकून झोपतो, तो ऑर्फियसच्या गोष्टीतून आलेला आहे. दोन्ही परंपरांना एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे लहान मुलाला स्वतःचे बळ माहीत नसते.

हनुमानाच्या समुद्रावरच्या त्या उड्डाणात त्याला सुरसा भेटते. ती जबडा पसरते तसा हनुमान मोठा होतो, तो मोठा झाला की तिचा जबडा आणखी पसरतो. मग तो अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरतो आणि बाहेर पडतो. तोंडात शिरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही ही तिची अट पुरी होते आणि गिळलेही जात नाही. सुरसा हरते ती नियम अक्षरशः पाळला गेल्यामुळे.

आधुनिक अद्भुतकथेने अभिजात वाङ्मयाकडून घेतलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच आहे. राक्षस, चेटकिणी, उडते घोडे हे वरचे सामान झाले. खरे घेणे अटींचे. आपल्या पुराणकथांत वर मिळतो तो फटीसकट मिळतो. हिरण्यकशिपूला घरात, बाहेर, दिवसा किंवा रात्री मरण नको असते. मग उंबरठा आणि तिन्हीसांज शोधली जाते. भस्मासुराची गोष्ट ‘शिवलीलामृता’तही आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होवो, हा वर त्याच्याच डोक्यावर उलटतो. शापाचेही तसेच. आपल्याकडे शापाच्या मागोमाग उःशाप येतो, म्हणजे सुटकेची अट आधीच ठरलेली असते. त्यामुळे ऐकणाऱ्या मुलाला सुटका होणार की नाही याची चिंता नसते. ती कशी होणार एवढेच त्याला हवे असते. नियम नसलेल्या जादूच्या गोष्टीचा मुलांना लवकर कंटाळा येतो, कारण तिथे काहीही होऊ शकते आणि म्हणून कशालाच महत्त्व उरत नाही.

जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) हे नेमके ओळखले होते असे त्यांच्या पुस्तकांच्या नावांवरूनही दिसते. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’. यातली शेवटची कादंबरी मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण शाळकरी वयात ती वाचणारे पुष्कळ आहेत. तिच्यात माणसाच्या हातून घडलेला यंत्रमानव वामन माणसालाच भारी पडू लागतो. तीन पावले मागणाऱ्या बटूची कथा माहीत असलेल्या वाचकाला धोका नाव वाचताच कळतो. नारळीकरांनी कथा विज्ञानाच्या नियमांवर उभी केली, पण वाचकाच्या मनातली जुनी भीती त्यांनी पुराणातून उसनी घेतली.

अद्भुताचा दुसरा मोठा झरा महाराष्ट्राच्या जमिनीतूनच निघालेला मानला जातो. परंपरा सांगते की गुणाढ्य हा प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सातवाहन राजाच्या पदरी असलेला पंडित. पैजेत हरल्यामुळे त्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या. मग त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली तेव्हा अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्याने ती आगीत टाकली, आणि राजा धावत आला तोवर एकच लाख श्लोक उरले होते. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्या परंपरेतून ‘कथासरित्सागर’ रचला, आणि गुणाढ्याची ही हकिकतही त्याच ग्रंथात येते. सलमान रश्दींनी १९९० मध्ये मुलासाठी लिहिलेल्या ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ या कादंबरीच्या नावात आणि कथानकात तो सागर सरळच आला आहे.

याच सागरातला वेताळ मराठी मुलांच्या अधिक ओळखीचा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापनीतिकथा आणि १८३० मध्ये वेताळपंचविशी मराठीत आणली. पण तो घरोघरी पोहोचला ‘चांदोबा’मुळे. मद्रासहून निघणाऱ्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये सुरू झाली. शंकर या चित्रकाराने काढलेला विक्रम राजा, खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार, हे चित्र एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही. इथली अट जबर आहे. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. म्हणजे राजाला हुशारीच नडते. संस्कृतातल्या गोष्टी पंचवीसच, पण मासिकाला पान तर दर महिन्याला भरायचे. म्हणून त्या चौकटीत नव्या नव्या गोष्टी लिहिल्या गेल्या आणि ते सदर कित्येक दशके चालले. अभिजात चौकट घेऊन नवे लेखन करण्याचा इतका दीर्घ प्रयोग मुलांच्या वाङ्मयात क्वचितच झाला असेल. वेताळाची शेवटची गोष्ट मात्र मासिकातून सांगण्याजोगी नव्हती. तिच्यात बाप आणि मुलगा यांची लग्ने अशी उलटसुलट होतात की पुढच्या पिढीतली नाती विक्रमालाही सांगता येत नाहीत. तो खरोखरच गप्प राहतो आणि त्यामुळेच सुटतो.

बाहेरून आलेले अभिजात वाङ्मयही इथे याच मुशीतून गेले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’नी एकोणिसाव्या शतकात मराठी वाचकाला जिन, गालिचे आणि गुहा दिल्या. विसाव्या शतकात भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) ज्यूल व्हर्न आणला. ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ त्यांच्या हातून ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ झाले. अतल, वितल, सुतल अशी खाली उतरत जाणारी दुनिया ज्या मुलांनी आजीकडून ऐकली होती, त्यांना व्हर्नच्या भूगर्भात शिरताना परके वाटले नाही. ॲलिसचीही भागवतांनी ‘जाईची नवलकहाणी’ करून टाकली. फास्टर फेणे हा त्यांचा स्वतःचा नायक मात्र जादूच्या वाटेला फारसा गेला नाही. त्याचे अद्भुत सायकल आणि धिटाई एवढ्यावर भागते.

रंगभूमीवर वेगळेच काही घडले. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत बालरंगभूमी सुरू केली आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने तिचा प्रारंभ झाला. पुढे मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही त्यांची नाटके नव्या संचात आजही चालतात. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि अलीकडे वैभव मांगले यांनी. पोथीतला राक्षस मारला जातो, तर नाटकातली चेटकीण हसण्यावारी नेली जाते. भीती घालवण्याचा हा दुसरा मार्ग बकासुराच्या गोष्टीतच सुचवलेला आहे. गाडाभर अन्न राक्षसासाठी नेलेला भीम तेच अन्न स्वतः खात बसतो, बकासुर पाठीत गुद्दे घालतो आणि हा मान वर करत नाही. लढाई नंतर होते, राक्षसाची पत आधीच गेलेली असते. टीव्हीवरच्या छोटा भीमचे लाडू या प्रसंगापासून फार लांब नाहीत, फक्त त्या खाण्यामागचा उपहास गळून गेला आहे.

बारामतीचे दुसरे कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचा अद्भुतकथेशी थेट संबंध जोडणे ओढाताणीचे होईल. तरी ज्याने रामकथा शंभरावर वेळा वेगवेगळ्या बंधनांत बसवून पाहिली, ओठ न मिटता म्हणता येईल असे रामायणही रचले, त्याने भाषा हेच खेळणे असू शकते हे मराठीला दाखवून दिले. विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ त्याच खेळकरपणाचा दूरचा नातलग आहे. याच विंदांनी ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे अर्वाचीनीकरण केले.

जगात सध्या पुराणांवर आधारलेल्या लांबलचक मालिकांचे पीक आहे. रिक रायर्डनचा पर्सी जॅक्सन (२००५) ग्रीक देवांचा वंशज आहे. रोशनी चोक्शीच्या ‘आरू शहा’ (२०१८) या इंग्रजी मालिकेत पांडव आजच्या मुलींच्या रूपाने पुन्हा जन्म घेतात. मराठीत मुलांसाठी अशी सलग, खंडाखंडांची अद्भुत कादंबरी विरळाच. जे येते ते बहुतेक छोट्या पुस्तकांतून, ‘किशोर’सारख्या मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून, आणि चार पानांत स्वतंत्र जगाचे नियम बसवणे अवघड असते. पुराणकथा पुन्हा सांगणारी पुस्तके मात्र ढिगाने निघतात. त्यांतली बरीच तक्षकाच्या नगरीतली रत्ने मोजून थांबतात, आणि त्याने दारात विचारलेला प्रश्न गाळून टाकतात.