आशिया चषकाचं तिकीट कसं मिळतं?

महिलांच्या 2026च्या आशिया चषक फुटबॉल स्पर्धेत जागा बाराच. यजमान ऑस्ट्रेलिया आणि 2022च्या स्पर्धेतले पहिले तीन संघ, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया व जपान, यांना थेट प्रवेश. उरलेल्या आठ जागांसाठी 34 संघ आठ गटांत विभागले गेले. प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे. दुसऱ्याला घरचा रस्ता.

भारताचा गट थायलंडमधल्या चिआंग माईत खेळला. मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0 असं हरवून भारताचे 22 गोल झाले. गंमत म्हणजे थायलंडचेही नेमके 22च, आणि दोघांवर एकही गोल नाही! त्यामुळे 5 जुलै 2025चा या दोघांमधला शेवटचा सामनाच निर्णायक ठरला. संगीता बासफोरच्या दोन गोलांनी भारत 2-1 असा जिंकला.

पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठण्याची भारताची ही पहिलीच वेळ. 2022मध्ये स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होती, तेव्हा यजमान म्हणून जागा आयतीच मिळाली होती. पण कोरोनाने संघ पोखरला आणि माघार घ्यावी लागली.

आशिया चषक हीच विश्वचषकाचीही पायरी. उपांत्य फेरी गाठणारे चार संघ 2027च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकासाठी थेट पात्र.