राजधानीचे पहिले दर्शन : बसवनगुडीहून बंगळूर

एखाद्या राजधानीच्या शहरी प्रथमच जावयाचे ठरले म्हणजे घरात एक यादी तयार होऊ लागते. शेजारी दोन नावे सुचवितात, कचेरीतील स्नेही तीन सांगतात, पूर्वी जाऊन आलेले नातलग आणखी चारांची भर घालतात. यादी विसांवर जाते आणि रजा मात्र तीनच दिवसांची असते. मग शहरात पोचल्यावर धावपळ सुरू होते. राजवाडा, बाग, देऊळ, संग्रहालय, बाजार ही सारी डोळ्यांपुढून झरझर निघून जातात. घरी परतल्यावर छायाचित्रे उरतात. परंतु ते शहर तेथेच का वसले, राजधानी का झाले आणि कशाच्या बळावर जगते, यांपैकी कशाचाच उलगडा झालेला नसतो.

यावर उपाय कठीण नाही. स्थळांची यादी करण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, शहर ज्या क्रमाने वाढले त्याच क्रमाने ते पाहण्याची आखणी करावी. दुसरी, एखादा साधा प्रश्न मनात घेऊन जावे आणि प्रत्येक स्थळी त्याचे उत्तर शोधावे. कर्नाटकाची राजधानी बंगळूर, ज्याचे नाव २०१४ पासून सरकारी व्यवहारात सर्वत्र बंगळुरू असे लिहिले जाते, या शहराचे उदाहरण घेऊन ही पद्धत समजावून घेऊ.

एका शहरातील अनेक शहरे

राजधानी ही सहसा एकाच वेळी, एकाच हाताने वसविलेली नसते. लंडनचे व्यापारी शहर आणि राजसत्तेचे वेस्टमिन्स्टर ही मुळात निराळी गावे होती. दिल्लीत शाहजहानने वसविलेले शहर वेगळे आणि १९३१ मध्ये उद्घाटन झालेली नवी दिल्ली वेगळी. बंगळुराचेही तसेच आहे. पश्चिमेला केंपेगौडाच्या काळापासूनची जुनी पेठ. पूर्वेला १८०९ पासून इंग्रजांनी वसविलेली लष्करी छावणी. या दोहोंमध्ये कब्बन पार्क. आणि पेठेच्या दक्षिणेस व उत्तरेस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखलेली नवी उपनगरे. पेठ आणि छावणी यांचा कारभार इतका निराळा होता की, दोन्ही मिळून एक महानगरपालिका होण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

हे ध्यानी घेतले म्हणजे दिवसांची विभागणी आपोआप होते. एक दिवस उपनगराला व त्याच्या सीमेवरील टेकड्यांना, एक दिवस पेठेला, एक दिवस छावणी व राज्यकारभाराच्या वास्तूंना. ज्या प्रवाशाला ही विभागणी ठाऊक नसते तो सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला आणि सायंकाळी पुन्हा पूर्वेला जातो. बंगळुरातील रस्त्यांवरील गर्दी पाहता त्याचा अर्धा दिवस वाहनातच संपतो.

पाण्याचा प्रश्न

आता मनात बाळगावयाच्या प्रश्नाविषयी. जगातील बहुतेक मोठ्या राजधान्या नदीकाठी आहेत. बंगळुराला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठाराच्या कण्यावर ते वसले आहे. पावसाचे काही पाणी पूर्वेस दक्षिण पिनाकिनीकडे वाहून जाते, तर काही पश्चिमेस अर्कावतीकडे. मग येथील माणसे पाणी कोठून आणीत होती?

या प्रश्नाचे पहिले उत्तर गाडीतून उतरताच मिळते. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे येणारी उद्यान एक्स्प्रेस जवळजवळ एका अहोरात्राच्या प्रवासानंतर बंगळुराच्या मुख्य स्थानकात पोचते. समोरच बसगाड्यांनी गजबजलेला भाग आहे. त्याला लोक मॅजेस्टिक म्हणतात. आज जेथे बसस्थानक आहे तेथे पूर्वी धर्मांबुधी नावाचा तलाव होता. म्हणजे नवख्या प्रवाशाचे पहिले पाऊल पडते ते एका तलावाच्या तळावर. नदी नसलेल्या या गावाने ओढ्यांना बांध घालून तलावांच्या माळा तयार केल्या होत्या, आणि त्याच तलावांच्या जागी पुढे स्थानके, क्रीडांगणे व वसाहती उभ्या राहिल्या.

पहिला दिवस : बसवनगुडी

मुक्कामासाठी शहराच्या दक्षिण भागातील बसवनगुडी सोयीची आहे. मॅजेस्टिकहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरले की आपण या वस्तीच्या उंबरठ्यावर येतो. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेगची साथ पसरली आणि दाट पेठेतील लोकांसाठी मोकळ्या हवेच्या वसाहती आखण्यात आल्या. दक्षिणेस बसवनगुडी आणि उत्तरेस मल्लेश्वरम्. आजही येथील सरळ रस्ते व त्यांवरील वृक्ष पाहताना ही वस्ती एका साथीच्या भयातून आकारास आली, हे आठवावे.

कन्नड भाषेत बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. ज्या देवळावरून वस्तीला नाव पडले ते टेकडीवर आहे. आतील नंदी एकाच पाषाणातून कोरलेला असून त्याची उंची सुमारे साडेचार मीटर व लांबी सुमारे सहा मीटर आहे. देवळाची उभारणी केंपेगौडाने केली असे परंपरा सांगते. कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी येथे ‘कडलेकाई परिषे’ म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. एक बैल रोज शेंगांचे पीक खाऊन जाई, त्याला शांत करण्यासाठी शेतकऱ्यांनी देऊळ बांधले व पहिले पीक वाहण्याचा नवस केला, अशी कथा आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तेव्हा ही कथा आजच्या स्वरूपात फार प्राचीन असणे शक्य नाही. तथापि ही वस्ती एके काळी शेतशिवार होती, एवढे सत्य ती निश्चित सांगते.

याच नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते अशी श्रद्धा आहे. ही छोटी नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन अर्कावतीला मिळते आणि अर्कावती पुढे कावेरीला. आज वृषभावतीच्या पात्रात शहराचे सांडपाणी वाहते. उगमाशी पूजा आणि प्रवाहात घाण, ही विसंगती आपल्याकडील अनेक शहरांना लागू पडते. येथे ती एका नावात सामावलेली आहे.

देवळापासून जवळच गवीपुरम् येथे गवी गंगाधरेश्वराचे गुहामंदिर आहे. मकरसंक्रांतीच्या सायंकाळी सूर्याचे किरण बाहेरील नंदीच्या शिंगांमधून आत शिरून शिवलिंगावर पडतात. पलीकडे केंपांबुधी तलाव असून त्याच्याजवळ केंपेगौडा घराण्याच्या काळातील एक छोटा बुरूज आहे. असे चार बुरूज शहराच्या चार बाजूंस उभारले गेले आणि शहर त्यांच्यापलीकडे जाणार नाही अशी समजूत रूढ झाली. दुसरा बुरूज बसवनगुडीच्या पूर्वेस लालबागेतील खडकावर आहे.

सायंकाळ लालबागेसाठी ठेवावी. हैदरअलीने १७६० मध्ये या बागेस प्रारंभ केला. येथील काचगृहाची पायाभरणी १८८९ मधील आहे. सुमारे २४० एकरांच्या या बागेतील खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा असून तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. खडकावर चढून बुरुजापाशी उभे राहिले की शहर चहूंकडे क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते. ज्या बुरुजाने सीमा दाखवावयाची, तोच आज शहराच्या अंतर्भागात आहे.

दुसरा दिवस : पेठ

मेट्रोने कृष्णराजेंद्र मार्केटला उतरावे आणि पुढे पायीच हिंडावे. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास येथे मातीचा कोट घालून पेठ वसविली असे मानले जाते. कन्नडमधील ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. अक्कीपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची. पुण्या-साताऱ्याकडील वाचकाला हा परिसर परका वाटणार नाही.

त्याला आणखीही एक कारण आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बंगळूर घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते आणि पुढे हे शहर त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. शिवाजीमहाराजही बालपणी काही काळ येथे होते, असे इतिहासकार मानतात. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात केले. तो ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केला. शहाजीपुत्र व्यंकोजीराजे यांचा १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर देवळाशी निगडित आहे. ज्यांना रुची असेल त्यांनी दुपारी हिरव्या मार्गाने उत्तरेस तेथवर जावे. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले व नंतर ते मैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले.

मार्केटजवळच किल्ल्याचा उरलेला भाग आहे. मातीच्या किल्ल्याच्या जागी हैदरअलीने १७६१ मध्ये दगडी बांधकाम केले. २१ मार्च १७९१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तट फोडून तो घेतला. त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूस होते, ही गोष्टही मराठी प्रवाशाने विसरू नये. जवळच टिपू सुलतानचा लाकडी खांबांचा उन्हाळी महाल आहे. त्याचे काम त्याच वर्षी पूर्ण झाले.

तिसरा दिवस : सत्तेचे शहर

१८३१ मध्ये मैसूरचा कारभार इंग्रजांनी स्वतःकडे घेतला आणि कचेऱ्या बंगळुरास आणल्या. या दिवशी प्रशासनाचा तो वारसा पाहावा. विधानसौध स्थानकावर उतरले की एका बाजूस लाल रंगाची अट्टारा कचेरी दिसते. तिच्यात आता उच्च न्यायालय आहे. अट्टारा म्हणजे अठरा. राज्यकारभाराची अठरा खाती येथे एकत्र आणली होती, म्हणून हे नाव पडले. ‘अठरा कारखाने’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या कानांवरून गेला आहे त्यांना हा अर्थ सांगावा लागणार नाही. समोर केंगल हनुमंतय्या यांच्या कारकिर्दीत उभारलेले विधानसौध आहे. जवाहरलाल नेहरू यांनी १३ जुलै १९५१ रोजी त्याची कोनशिला बसविली आणि १९५६ मध्ये ते पूर्ण झाले. एक लोकनियुक्त सरकारची वास्तू, दुसरी कमिशनरांच्या काळातली. दोहोंमधील रस्ता ओलांडताना शंभर वर्षे ओलांडली जातात.

कब्बन पार्कची सावली आणि १८६५ मध्ये स्थापन झालेले सरकारी संग्रहालय यांसाठी दुपार राखावी. उद्यानाजवळच कंठीरव क्रीडांगण आहे. ते संपंगी तलावाच्या जागेवर उभे आहे. येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होते. तलाव अपुरे पडू लागल्यावर १८९४ मध्ये हेसरघट्ट्याहून आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून अर्कावतीचे पाणी आणले गेले. १९७४ पासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील कावेरीचे पाणी सुमारे ५०० मीटर उंच चढवून शहरात आणले जाते. त्यातले वापरलेले काही पाणी वृषभावतीतून अर्कावतीत आणि शेवटी पुन्हा कावेरीत जाते. मुक्कामाच्या खोलीतील नळ सोडताना हे चक्र डोळ्यांपुढे आणावे.

काही व्यावहारिक सूचना

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ या सहलीस उत्तम. सप्टेंबर व ऑक्टोबर हे येथे सर्वाधिक पावसाचे महिने असतात, हे महाराष्ट्रातील अनुभवावरून लक्षात येत नाही. प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास लालबागेत पुष्पप्रदर्शन भरते. त्या वेळी गर्दीही तशीच असते. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. विधानसौधाच्या आत जावयाचे असल्यास आधी चौकशी करून नोंदणी करावी. एका दिवसात तीनहून अधिक स्थळे ठरवू नयेत. मुले किंवा वयोवृद्ध बरोबर असतील तर दोनच पुरेत.

थोडे कन्नड शब्दही शिकून जावे : ‘एल्लि’ म्हणजे कोठे, ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘बेकु’ म्हणजे हवे, ‘बेडा’ म्हणजे नको. यजमानाच्या भाषेतील चार शब्द प्रवाशाची अडचण जितकी दूर करतात, त्याहून अधिक त्याच्याविषयी आपुलकी निर्माण करतात.

शेवटची सायंकाळ मुद्दाम मोकळी ठेवावी आणि ती बसवनगुडीतच घालवावी. गांधी बाजारात फुलांचे ढीग व पूजासाहित्याची दुकाने पाहत हिंडावे. १९४३ मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी भवनात डोसा खाण्यासाठी रांगेत उभे राहावे लागेल. तेही या शहराचे दर्शनच होय. येथूनच काही अंतरावर, गवीपुरम् भागात, कन्नड कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगार राहत असत. १९८३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे ते मानकरी. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चरचे ग्रंथालयही याच वस्तीत आहे. वेळ उरल्यास तेथे शहराचा एखादा जुना नकाशा पाहण्यास मागावा, आणि तीन दिवसांत आपण ज्या रस्त्यांवरून फिरलो त्यांच्यापैकी कोणते पूर्वी पाण्याखाली होते, हे त्यावर बोट ठेवून शोधावे.