पाटी, पेन्सिल आणि खेळाचा रिमोट

ज्या घरात २००६ ते २०१२ च्या सुमारास शाळकरी मुले होती, त्या घराच्या बेसमेंटमध्ये निन्टेंडोचा 'वी' नावाचा खेळ बहुधा सापडतोच. एक पांढरा डबा आणि त्याच्यासोबत मनगटात अडकवायच्या पट्टीचा पांढरा रिमोट. मुले कॉलेजला गेली, डबा धूळ खात राहिला. या डब्याशी आम्हाला कर्तव्य नाही, पण रिमोट मात्र फेकू नका. तो साध्या कॉम्प्युटरला जोडता येतो, आणि आपल्या रविवारच्या मराठी शाळेत गेले वर्षभर आम्ही त्याच्या मदतीने भिंतीची पाटी करून मुलांना अक्षरे गिरवायला देत आहोत. "हे नक्की चालते कसे?" असे बऱ्याच पालकांनी विचारले, म्हणून हा लेखनप्रपंच.

'वी' नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याचे नवल होते ते या रिमोटचेच. बटणे दाबत बसण्याऐवजी हात फिरवायचा, की पडद्यावरची टेनिसची रॅकेट फिरे. लोकांनी हात इतक्या जोरात फिरवले की पट्ट्या तुटून रिमोट टीव्हीवर जाऊन आदळू लागले, आणि पहिल्याच महिन्यात कंपनीने सुमारे ३२ लाख पट्ट्या बदलून देण्याचे जाहीर केले!

रिमोटच्या पोटात दोन गोष्टी कामाच्या आहेत. पहिली म्हणजे हालचाल मोजणारी चिप. तीत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. रिमोट हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, आणि किती मागे राहिला ते विजेच्या फरकावरून कळते. एस.टी. सुटताना उभा प्रवासी मागे कलंडतो, त्यातलाच हा प्रकार. ही चिप वापरून रिमोटची झांज किंवा ढोलाची टिपरी करता येते, म्हणजे हवेत झटका दिला की कॉम्प्युटरमधून ठोका वाजतो. गणेशोत्सवाच्या तालमीच्या वेळी ज्यांच्या शेजाऱ्यांनी दारावर टकटक केली आहे, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

पण पाटीसाठी उपयोगी पडते ती दुसरी गोष्ट, रिमोटच्या टोकाला काळ्या काचेमागे बसवलेला छोटा कॅमेरा. त्याला आपले चेहरे दिसत नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे ठळक ठिपके तेवढे दिसतात, तेही एका वेळी चारच. ते ठिपके कुठे आहेत, हे तो सेकंदाला शंभर वेळा सांगत राहतो. टीव्हीवर ठेवायची जी पट्टी 'वी'सोबत येते, तिला 'सेन्सर बार' असे भारदस्त नाव दिले आहे खरे, पण ती काहीच ओळखत नाही. तिच्यात दोन्ही टोकांना इन्फ्रारेडचे दिवे आहेत, बस्स. त्या पट्टीऐवजी वीतभर अंतरावर दोन पेटत्या पणत्या ठेवल्या तरी खेळ चालतो, कारण ज्योतीतूनही इन्फ्रारेड बाहेर पडतेच. (पणत्या लावून हा प्रयोग करणार असाल तर पडदे दूर सारा आणि मोठ्या माणसाला जवळ बसवा.)

ही गोष्ट नीट ओळखली ती पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या जॉनी ली याने. खेळात दिवे स्थिर असतात आणि रिमोट हातात फिरतो. २००७ मध्ये त्याने हे उलटे केले. रिमोट टेबलावर स्थिर ठेवला आणि दिवा हातात घेतला. पेनाच्या टोकाला इन्फ्रारेडचा दिवा बसवला, प्रोजेक्टरने कॉम्प्युटरचा पडदा भिंतीवर पाडला, आणि रिमोटला त्या भिंतीकडे बघत ठेवले. पेन भिंतीला टेकवून दिवा लागला की रिमोटला ठिपका दिसतो, आणि कॉम्प्युटर तिथे माउसचे बटण दाबल्याचे समजतो. शाळांना विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फळ्यांची किंमत तेव्हा हजार डॉलरच्या पुढे होती. लीचा रिमोट चाळीस डॉलरच्या आसपास होता आणि प्रोग्राम त्याने फुकट वाटला. नंतर तो मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि 'किनेक्ट'वर त्याने काम केले. रिमोटशिवाय नुसत्या अंगाची हालचाल ओळखणारा हा कॅमेरा नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आला आणि त्याचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले. किनेक्टही कॉम्प्युटरला जोडता येतो, पण अक्षर गिरवायला पेन लागते, म्हणून आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही.

जोडणी अशी. रिमोट कॉम्प्युटरशी ब्लूटूथने बोलतो, आणि आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते असतेच. रिमोटवरची १ आणि २ ही बटणे एकदम दाबली की खालचे निळे दिवे लुकलुकू लागतात. तेवढ्या वेळात कॉम्प्युटरच्या ब्लूटूथच्या यादीत तो निवडायचा. विंडोजने संकेतांक मागितला तर रकाना रिकामा ठेवून पुढे जायचे. रिमोट शक्यतो जुना, पहिल्या पिढीचा घ्यावा. तो लवकर जुळतो. लिनक्स वापरणाऱ्या मंडळींचे काम सोपे आहे, कारण या रिमोटची ओळख २०११ पासून लिनक्समध्येच घातलेली आहे.

पेन आम्ही वाळलेल्या मार्करच्या नळीत केले. इन्फ्रारेड एल.ई.डी., दाबायचे बटण आणि दीड व्होल्टची एक बॅटरी, एवढेच त्यात आहे. दिवा लागतो की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिले तर तो बहुधा जांभळट दिसतो. मग पडद्याच्या चार कोपऱ्यांवर एकेकदा पेन टेकवायचे, की रिमोटला तिरके दिसणारे चित्र कॉम्प्युटर हिशेबाने सरळ करून घेतो. यानंतर कोणी टेबलाला धक्का दिला तर चारही कोपरे पुन्हा. सहा-सात वर्षांची मुले खोलीत असताना दर रविवारी असे किती वेळा होते, ते वाचकांनीच ताडावे.

लिहिणाऱ्याचे अंग मध्ये आले तर रिमोटला पेन दिसत नाही, म्हणून मुलांनी बाजूला उभे राहून लिहायचे, आणि डावखुऱ्यांसाठी रिमोटची जागा बदलायची. उन्हात हे चालत नाही, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असते. खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीला काळा कागद लावल्यापासून आमचे निभते आहे.

टॅब्लेट का नको, असे काही पालक म्हणतात. घरी एकट्याने गिरवायला टॅब्लेट चांगलाच आहे. पण इथे जन्मलेल्या मुलांची अडचण वेगळी आहे. आजी-आजोबांचे मराठी त्यांना समजते, मोडकेतोडके बोलताही येते. हात मात्र इंग्रजीला सरावलेला असतो. इंग्रजी अक्षर ओळीवर बसते आणि आपले अक्षर रेषेला टांगलेले असते. शाळेच्या वहीच्या सवयीने मुले आधी शिरोरेघ ओढतात, तिच्यावर अक्षर उभे करू पाहतात, आणि 'म' डोक्यावर उभा राहतो. भिंतीवर आम्ही फिकट करड्या रंगात हातभर उंचीचे अक्षर दाखवतो आणि मूल त्यावरून पेन फिरवते. 'ळ'चे वेटोळे बोटांनी जमत नाही ते खांद्यापासून अख्खा हात फिरवला की जमते, आणि बाकीची मुले ते बघत असतात, टीका करत असतात, "आता खाली, आता खाली" म्हणून ओरडत असतात. महिन्यातून एकदा आम्ही हाच पडदा व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या एका आजींना दाखवतो. अक्षर रेघेरेघेने उमटताना त्यांना तिकडे दिसते. 'श'ची गाठ आधी की काना आधी, यावर त्यांचा निर्णय अंतिम मानला जातो.

अक्षरे थोडी थरथरीत उमटतात, हे खरे. ज्या शाळेत स्पर्शाने चालणारा फळा आधीच आहे तिथे हा खटाटोप करू नये. पण आपल्यासारख्या भाड्याच्या खोलीत, जिथे दोन तासांनी सगळे उचलून डिक्कीत भरायचे असते, तिथे एका पिशवीत मावणारा फळा बरा पडतो.

सध्या आपल्याकडे एकच रिमोट आहे, आणि मोठ्या वर्गालाही भिंत हवी आहे. ज्यांच्याकडे जुना रिमोट असेल त्यांनी पुढच्या रविवारी आणावा. मागचे झाकण हरवले असले तरी चालेल, पण आत वर्षानुवर्षे राहिलेल्या बॅटऱ्या पाझरलेल्या नाहीत ना, एवढे आधी उघडून पाहावे. खुर्चीवर न चढता खिडकीच्या वरच्या काचेला कागद लावू शकेल असा एखादा उंच बाबाही सोबत आला तर हवाच आहे.