ना प्राणी, ना वनस्पती

मी इतिहासाचा विद्यार्थी. तरीही प्रोटिस्टांविषयी लिहीत आहे, कारण १८४५ पासूनच्या आयर्लंडमधील दुष्काळाला, ज्यात सुमारे १० लाख माणसे दगावली, असाच एक जीव कारण झाला.

प्राणी व वनस्पती यांखेरीज ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये मांडली. आज या नावाखाली खरे केंद्रक असलेले, बहुधा एकपेशीय, पाण्यात वा ओलाव्यात राहणारे जीव घेतात. सोयीसाठी त्यांचे तीन गट करतात : अमीबा आणि हिवतापाचा प्लाझ्मोडियम प्राणिसदृश, डायाटमसारखी शैवले वनस्पतिसदृश, बटाट्यावर करपा आणणारा फायटॉप्थोरा बुरशीसदृश. युग्लीना मात्र उजेडात स्वतः अन्न तयार करते आणि अंधारात बाहेरून घेते. तिला कोठे बसवावे?

फायटॉप्थोराचेही तसेच. आयर्लंडचे बटाटे कुजविणाऱ्या या जीवाला पुष्कळ काळ बुरशीच समजत. परंतु त्याच्या पेशीभित्तिकेत बुरशीप्रमाणे मुख्यतः कायटिन नसून सेल्युलोज असते. त्याचे खरे नाते डायाटम व तपकिरी शैवलांशी आहे. म्हणूनच बुरशीवरची कित्येक औषधे त्याच्यावर चालत नाहीत. वर्गीकरण म्हणजे केवळ नावांची घोकंपट्टी, असे आपल्यापैकी ज्यांना वाटते, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : शत्रूचे कूळ चुकले, तर उपायही चुकतो.