वसमतची हळद आणि युद्धाचा विमा

कयाधूच्या काठी वसलेल्या हिंगोलीपासून समुद्र कितीही दूर असला, तरी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेली त्याच जिल्ह्यातील वसमतची हळद न्हावाशेव्याहून युरोपच्या वाटेला लागली, म्हणजे तिचे भवितव्य तांबड्या समुद्रातील क्षेपणास्त्रांशी आणि लंडनच्या विमेवाल्यांच्या दफ्तरांशी निगडित होते.

सामान्य सागरी विम्यातून युद्ध, जप्ती आणि अटकाव ही संकटे वगळलेली असतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र कलमे आणि निराळा हप्ता असतो. हे संरक्षणही माल जहाजावर चढल्यापासूनच लागू होते, आणि अखेरच्या बंदरी माल उतरताच, किंवा जहाज पोहोचून पंधरा दिवस लोटताच, संपुष्टात येते. कारण गोदीत साठलेला अपरिमित माल एकाच बाँबहल्ल्यात नष्ट झाला, तर विमेवाल्यांचे दिवाळे वाजेल, या भयाने १९३०च्या दशकात त्यांनी जमिनीवरील युद्धजोखीम पत्करणे सोडले. ती उणीव भरण्यास ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने १९४० मध्ये वटहुकूम काढून मालाच्या युद्धविम्याची तजवीज केली. हिंगोली मात्र तेव्हा निजामाच्या अमलाखाली होती.

कोणते जलप्रदेश धोक्याचे, याची यादी लंडनची संयुक्त युद्ध समिती प्रसिद्ध करते; त्या हद्दीत शिरण्यापूर्वी जहाजमालकाने वर्दी द्यावी, आणि बहुधा सात दिवसांच्या मुदतीचा जादा हप्ता ठरवून घ्यावा, असा शिरस्ता आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळविल्यानंतर तेथील या हप्त्याचा दर चढत गेला आणि २०२४च्या आरंभी जहाजाच्या किमतीच्या सुमारे एक टक्क्यापर्यंत पोहोचला. म्हणजे दहा कोटी डॉलरच्या जहाजास एका खेपेपुरते दहा लाख डॉलर! साहजिकच अनेकांनी आफ्रिकेला वळसा घालून दहा-चौदा दिवसांचा विलंब पत्करला.

आणि विलंबाने होणारे नुकसान मालाच्या युद्धविम्यात स्पष्टपणे वगळलेले आहे. जळालेल्या मालाची भरपाई असंख्य विमेदारांच्या हप्त्यांतून होते; परंतु उशिरा पोहोचलेल्या मालाचे व्याज, वाढलेले भाडे आणि मोडलेला सौदा हा भार एकट्या निर्यातदाराच्या माथी येतो. तो हिंगोलीच्या हळद बाजारात बोली लावताना हे सारे हिशेबात धरून भाव बांधू लागला, की विमापत्रात कोठेही नाव नसलेला शेतकरी युद्धाचा हप्ता भरणाऱ्यांत सामील होतो.